प्रशिक्षकाची वही: विद्यार्थी-प्रशिक्षकाने स्वतःची वाढ नोंदवायची कशी

बी.पी.एड.चं (शारीरिक शिक्षणाच्या पदवीचं) सराव-प्रशिक्षण असो किंवा कॉलेज सांभाळून शाळेच्या संघाला शिकवणं असो, शेवटी एक वही द्यावी लागते. प्रशिक्षक म्हणून आपण कुठून कुठे आलो, हे तिच्यात दिसायला हवं. बहुतेक वह्यांत काय दिसतं? 'आज सराव चांगला झाला. मुलांचा प्रतिसाद उत्तम होता. माझा आत्मविश्वास वाढला.' हीच तीन वाक्यं, वीस तारखांखाली, वीस वेळा. मुलं आहेत, भावना आहेत, पण लिहिणाऱ्याने मैदानावर घेतलेला एकही निर्णय नाही.

अशा वह्या लिहिणारी मुलं आळशी नसतात. त्यांचा क्रम चुकतो. घटना नीट उतरवण्याआधी मत लिहिलं जातं, आणि मत एकदा लिहिलं की घटनाही त्या मतासारखीच आठवायला लागते. खालची सगळी पद्धत हा क्रम सांभाळण्यासाठी आहे. उदाहरण एकच घेतलं आहे: नवी मुंबईत ऐरोलीतली एक शाळा, १४ वर्षांखालील १६ मुली, खो-खोचा तासाभराचा सराव. कबड्डी, ॲथलेटिक्स किंवा फुटबॉल शिकवणाऱ्यांनी फक्त मोजायच्या गोष्टी बदलायच्या.

तयारी: पहिल्या सरावाच्या आठवडाभर आधी

जाड पुठ्ठ्याची २०० पानी वही घ्या. सुटे कागद नकोत, ते हरवतात आणि नंतर सोयीने मागेपुढे लावले जातात. लिहायला पेन्सिल किंवा साधं बॉलपेन. जेलपेनची शाई घामाच्या हाताने आणि पावसाच्या एका थेंबाने पसरते, आणि जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत वही कोरडी राहणं अवघड. म्हणून सोबत झिपची प्लॅस्टिक पिशवी.

मग वही उघडून नियम ठरवा: डावं पान घटनेचं, उजवं पान अर्थाचं. डावं पान त्याच दिवशी भरायचं, उजवं पान दुसऱ्या दिवशी, वेगळ्या रंगाने आणि वर वेगळी तारीख घालून. या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा.

पहिल्या पानावर स्वतःबद्दलचे दोन प्रश्न लिहा. दोनच. 'मी चांगला प्रशिक्षक कसा होईन' हा प्रश्न चालणार नाही, कारण त्याचं उत्तर मैदानावर मोजता येत नाही. 'मी सूचना दिल्यावर मुली किती वेळात कामाला लागतात?' किंवा 'माझं बोलणं तासातली किती मिनिटं खातं?' असे प्रश्न चालतात.

शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आधीच विचारून ठेवा: महिन्यातून दोनदा दहा मिनिटं माझ्याकडे बघून नोंद करून द्याल का? सर किंवा मॅडम सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र 'कसं वाटलं ते सांगा' असं म्हणून त्यांच्या हातात रिकामा कागद देऊ नका. टप्पा २ मधला तक्ता द्या.

> सावधान: वहीत मुलांची पूर्ण नावं लिहू नका. प्रत्येकीला आकडा द्या आणि आकड्यांची यादी वेगळ्या कागदावर, घरी ठेवा. व्हिडिओ घ्यायचा असेल तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे. ते व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं, स्टेटसला ठेवणं, दोन्ही नाही.

टप्पा १: सरावाआधी एक अंदाज

मैदानावर पोहोचल्यावर डाव्या पानाच्या वरच्या ओळीत तारीख, वेळ, हजर मुली, मैदानाची आणि हवेची स्थिती लिहा. ऑक्टोबरच्या उन्हात साडेचारला घेतलेला सराव आणि डिसेंबरात सहाला अंधारून येताना घेतलेला सराव यांची तुलना करायची तर ही ओळ लागते. शेजारी टेनिस बॉल क्रिकेटच्या दोन मॅच चालू असतील तर तेही लिहा. त्याचं कारण टप्पा ४ मध्ये कळेल.

त्याखाली एक वाक्य: आज नेमकं कुठे अडेल असं मला वाटतं? 'खो मिळाल्यावर बाहेर पडताना मुली चुकीच्या दिशेला वळतील.' सराव संपल्यावर अंदाज खरा ठरला की नाही ते बघायचं. महिन्याभराने हे अंदाज सलग वाचले की तुम्हाला संघ किती कळायला लागलाय ते दिसतं. वाढीचा हा सर्वांत स्वस्त पुरावा, आणि जवळजवळ कुणीच ठेवत नाही.

टप्पा २: मैदानावर फक्त मोजा

सराव चालू असताना लिहीत बसायचं नाही, मुलींकडे बघायचं. मोजणी दुसऱ्याकडून करून घ्या, किंवा स्वतः एकाच गोष्टीच्या उभ्या रेघा मारा. तीन मोजण्या कामाच्या आहेत. एका दिवशी एकच घ्या.

*बोलण्याची मोजणी.* निरीक्षकाने दहा मिनिटं तुमचं प्रत्येक वाक्य चारपैकी एका रकान्यात टाकायचं: नाव घेऊन सांगितलेलं, काय करायचं ते सांगितलेलं ('खांबाजवळ पाऊल आखूड घे'), काय करायचं नाही ते सांगितलेलं ('उठू नकोस'), आणि रिकामं ('चला चला', 'शाब्बास', 'अरे काय हे'). एक वाक्य दोन रकान्यांत बसत असेल तर दोन्हीकडे रेघ. नवीन प्रशिक्षकाचा चौथा रकाना भरभरून वाहतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तो आकडा डाव्या पानावर जसाच्या तसा गेला पाहिजे.

*हालचालीची मोजणी.* एका मुलीचा आकडा चिठ्ठी टाकून निवडा. संघातली सर्वांत चपळ मुलगी निवडाल तर आकडा फुगेल, म्हणून चिठ्ठी. ती हलत असेल तेव्हाच स्टॉपवॉच चालू, रांगेत उभी असेल, ऐकत असेल, पाणी पीत असेल तेव्हा बंद. साठ मिनिटांच्या सरावात घड्याळ किती चाललं ते लिहा.

*थांबवण्याची मोजणी.* शिट्टी वाजवून ड्रिल किती वेळा थांबवलं आणि प्रत्येक वेळी किती सेकंद गेले.

निरीक्षक नसेल तर फोन खिशात ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच आलेला कॉल रेकॉर्डिंग तोडतो. खाडीकडच्या मोकळ्या मैदानांवर वारा माइकमध्ये घुसतो, त्यामुळे माइकची बाजू अंगाकडे. ठाण्याला किंवा वाशीला परतताना ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये इअरफोनवर ते ऐकता येतं. पूर्ण ऐकू नका, मधली दहा मिनिटं पुरतात. मोजणी झाली की रेकॉर्डिंग पुसा, त्यात मुलींचे आवाज असतात.

टप्पा ३: अर्ध्या तासाच्या आत डावं पान

शेवटची मुलगी पालकांबरोबर निघाली की तिथेच, पायरीवर बसून लिहा. घरी जाऊन, जेवून लिहिलेली नोंद वेगळी होते. मनात राहिलेला एखादा प्रसंग मोठा होतो आणि बाकीचा तास पुसला जातो.

पाच-सात ओळी, एकाच प्रसंगाबद्दल. नियम असा: फोटोत दिसेल किंवा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल तेवढंच. उदाहरण:

'१६ मुली, ८-८ च्या दोन रांगा, शेजारी शेजारी. एकेरी खोचं ड्रिल, ८ मिनिटं. प्रत्येकीने ३ वेळा खो दिला, एकूण ४८. त्यांत ११ वेळा बसलेली मुलगी खो मिळण्याआधीच उठली. मी ४ वेळा शिट्टी वाजवून थांबवलं. ९ वेळा "उठू नका" म्हणालो. आकडा ७ शेवटच्या फेरीत उठलीच नाही, खो मिळाल्यावरही.'

हीच घटना चुकीची कशी लिहिली जाते तेही बघा: 'मुलींचं आज लक्ष नव्हतं. वारंवार सांगूनही त्या आधी उठत होत्या. मला संयम ठेवावा लागला.' लक्ष नव्हतं हे दिसत नाही, तो निष्कर्ष आहे. 'वारंवार' हा आकडा नाही. आणि तिसऱ्या वाक्यात लिहिणारा स्वतःलाच प्रशस्तिपत्र देतो आहे.

> तपासा: डाव्या पानावर 'चांगला', 'उत्तम', 'लक्ष', 'उत्साह', 'प्रयत्न', 'नेहमी' यांपैकी शब्द असेल तर खोडा आणि तो शब्द कशावरून सुचला ते लिहा. उत्साह कशावरून? पाण्याची सुट्टी संपायच्या आधी पाच जणी परत आल्या म्हणून. मग तेवढंच लिहा.

भावना लिहायचीच असेल तर पानाच्या तळाला एका ओळीत, भावना म्हणूनच: 'चौथ्यांदा थांबवताना चिडलो होतो.' ती ओळ पुढे उपयोगी पडते, कारण चिडल्यावर सूचना तुटक होतात आणि ते मोजणीतही दिसतं.

टप्पा ४: दुसऱ्या दिवशी उजवं पान

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पंधरा-वीस मिनिटं.

आधी डावं पान वाचा. मग त्याच घटनेची तीन कारणं लिहा, तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेली: एक मुलींकडचं, एक तुमच्या सूचनेतलं, एक मांडणीतलं किंवा परिस्थितीतलं. तीन लिहिल्याशिवाय कुठलंही निवडायचं नाही. पहिलं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी मुलांवर ढकललेलं असतं. ते खोटंच असतं असं नाही, पण त्यावर तुम्हाला करण्यासारखं फार थोडं असतं.

आपल्या उदाहरणात:

१. मुलींकडचं: खो मिळाल्यावरच उठायचं हा नियम काहींना अजून पक्का नाही.
२. सूचनेतलं: आदल्या सरावात मीच 'झटकन उठा' यावर भर दिला होता. आज 'उठू नका' म्हणालो. त्यांना दोन उलट सूचना मिळाल्या. आकडा ७ गोंधळून बसूनच राहिली, ती कदाचित यामुळेच.
३. मांडणीतलं: रांगा शेजारी शेजारी होत्या. एका रांगेतला 'खो' दुसऱ्या रांगेत ऐकू जात होता, आणि मुली आवाजावर उठत होत्या. वर मैदानावर क्रिकेटचा आरडाओरडा.

आता प्रत्येक कारणाला विचारा: हे खरं असेल तर मैदानावर आणखी काय दिसायला हवं? तिसरं कारण खरं असेल तर चुका दोन रांगांच्या मधल्या बाजूला, एकमेकींच्या जवळ बसलेल्या मुलींकडून जास्त व्हायला हव्यात. नोंदीत ते नाही? मग पुढच्या वेळी नेमकं तेच बघायचं. पहिलं कारण खरं असेल तर चुका ठरावीक तीन-चार आकड्यांच्याच असतील.

शेवटी एक ओळ: 'या प्रसंगात माझा निर्णय कोणता होता?' इथे तो आहे, जागा भरपूर असूनही दोन रांगा चिकटून बसवणं. त्या वेळी तो निर्णय वाटलाही नसेल, सवयीने झाला असेल. वहीला असेच निर्णय हवे असतात.

> सावधान: उजवं पान म्हणजे कबुलीजबाब नव्हे. 'माझंच चुकलं, मला शिकवताच येत नाही' हेही 'मुलींचं लक्ष नव्हतं' इतकंच निरुपयोगी आहे. दोन्हींतून उद्या काय बदलायचं ते निघत नाही.

सामना हरलेल्या किंवा जिंकलेल्या दिवशी हा क्रम आणखी कडक पाळा. शालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडल्यावर संध्याकाळी लिहिलेला अर्थ टोकाचा असतो. जिंकल्यावरचाही असतो, फक्त तो गोड असल्यामुळे कुणी तपासत नाही. त्या दिवशी डावं पान, तेही गुणांसकट. उजवं पान एक दिवस सोडून.

टप्पा ५: मुलांना विचारायचं, पण नीट

तीन-चार आठवड्यांनी एकदा, सरावाच्या शेवटची पाच मिनिटं. निनावी चिठ्ठ्या. 'मी कसा शिकवतो?' असं विचारलंत तर सगळ्या चिठ्ठ्यांत 'खूप छान दादा' येईल. विशीतल्या प्रशिक्षकाला मुलं दादा-ताई म्हणतात, आणि दादाला कोण वाईट लिहील? म्हणून तुमच्याबद्दल न विचारता त्यांच्या तासाबद्दल विचारा:

- आज कुठे थांबून कंटाळा आला?
- मी सांगितलेली कोणती गोष्ट कळली नाही?
- पुढच्या वेळी कोणता खेळ किंवा ड्रिल परत हवं?

चिठ्ठ्या मुलींसमोर वाचू नका, अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नका. एकच तक्रार तीन-चार चिठ्ठ्यांत आली तर ती डाव्या पानावर घ्या. एकाच चिठ्ठीत आली तर लक्षात ठेवा, बदल लगेच करू नका.

> सावधान: एखाद्या चिठ्ठीत किंवा बोलण्यात मारहाण, नकोसा स्पर्श, घरातला त्रास असं काही आलं तर तो वहीचा विषय राहत नाही. स्वतः चौकशी करू नका, इतर मुलींना विचारू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि नुसतं शाळेला सांगून ती जबाबदारी संपत नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

टप्पा ६: एक बदल, तीन सराव

उजव्या पानावरून एकच बदल निवडा आणि तो सलग तीन सराव ठेवा. एका दिवशी रांगा लांब केल्या, सूचना बदलली आणि नियमही परत समजावला, तर चुका कमी झाल्या तरी कशामुळे ते कळणार नाही. उत्साही विद्यार्थी-प्रशिक्षक नेमके इथे चुकतात: सोमवारी एक बदल, बुधवारी दुसरा, शुक्रवारी यूट्यूबवर पाहिलेलं तिसरंच काहीतरी.

तुलना करताना आकडा कशातला आहे ते बघा. समजा पुढच्या सरावाला १२ च मुली आल्या, ६-६ च्या रांगा मैदानाच्या दोन टोकांना बसवल्या, प्रत्येकीने ४ वेळा खो दिला. एकूण परत ४८, आणि आधी उठणं ४ वेळा. ४८ पैकी ११ वरून ४८ पैकी ४, ही तुलना बरोबर. पण त्या दिवशी एकूण खो ३० च झाले असते आणि ४ चुका झाल्या असत्या, तर '११ चे ४ झाले' असं लिहिणं फसवं झालं असतं. आणि गैरहजर चौघींमध्ये वारंवार आधी उठणाऱ्याच असतील तर? आकड्यांची यादी काढून बघा. एका सरावावरून निकाल देऊ नका, तीन सराव म्हणूनच सांगितले.

बदलाने काहीच फरक पडला नाही तर तेही लिहा. फसलेल्या बदलाची नीट लिहिलेली नोंद वहीत असणं हे वही प्रामाणिक असल्याचं लक्षण आहे, आणि जाणता मार्गदर्शक ती शोधतोच.

पावसाने मैदान बंद झालं की हा टप्पा तुटतो. शाळेच्या हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात घेतलेला सराव त्या तिनात धरू नका. 'हॉल' असं लिहून वेगळा ठेवा आणि मैदान वाळल्यावर मोजणी पुढे चालू करा. हॉलमध्ये आवाज घुमतो, जागा अपुरी असते, लादी निसरडी असते. सूर मारण्याचा सराव तर तिथे घ्यायचाच नाही.

टप्पा ७: सत्राच्या शेवटी वाढ लिहिणं

आता वही उलटी वाचा, शेवटून पहिल्या पानाकडे. सुरुवातीपासून वाचत गेलात तर गोष्ट आपोआप 'हळूहळू सुधारत गेलो' अशी रचली जाते.

वाचताना नोंदींच्या जोड्या शोधा: एक जुनी, एक नवी, प्रकार सारखा, पण तुमचं वागणं वेगळं. मुलींच्या चुका ११ वरून ४ वर आल्या ही संघाची प्रगती. तुमची वाढ कुठे दिसेल? समजा दोन महिन्यांनी वेगळ्याच ड्रिलमध्ये, खांबाजवळ मुली एकमेकींवर आदळत होत्या, आणि तेव्हा ओरडण्याआधी तुम्ही ड्रिल थांबवून आधी अंतर तपासलं. चूक दिसली की आधी मांडणी बघायची, हे आता न सांगता होतं. ही वाढ, आणि तिला दोन तारखांचा पुरावा आहे.

परिच्छेद या क्रमाने बांधा: जुनी नोंद तारखेसह, त्या वेळचा निर्णय, काय समजलं, काय बदललं, नवी नोंद तारखेसह, आणि अजून काय जमत नाही. असे तीन परिच्छेद पुरतात. शेवटचा भाग गाळू नका. 'हरलेल्या तुकडीशी काय बोलावं हे मला अजून कळत नाही. तीन सामन्यांत तीन वेगळ्या गोष्टी बोललो' हे वाक्य 'माझ्यात नेतृत्वगुण विकसित झाले' यापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

> तपासा: लिहिलेला परिच्छेद मित्राच्या वहीत चिकटवला तर खपून जाईल का? खपत असेल तर त्यात तुमचं मैदान, तुमचे आकडे, तुमचा निर्णय आलेला नाही. परत लिहा.

आणि आदल्या रात्री बसून तारखा भरू नका. बनवलेल्या नोंदी ओळखू येतात: सगळ्यांची लांबी सारखी, शाई एकच, एकाही दिवशी पाऊस नाही, एकही मुलगी गैरहजर नाही. मधले आठवडे खरंच चुकले असतील तर ती पानं कोरी सोडा आणि वर कारण लिहा: परीक्षा, ताप, मैदान मिळालं नाही.

वही जमा करण्याआधी आकड्यांच्या यादीचा कागद आत राहिलेला नाही ना, ते बघा. राहिलेले व्हिडिओ फोनमधून आणि ड्राइव्हवरूनही काढून टाका. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना ड्रिलच्या मांडणीची आणि आकड्यांची दोन पानांची प्रत द्या. पुढच्या वर्षी त्याच मुलींना शिकवायला जो दादा किंवा ताई येईल, त्याला पहिल्या दिवशी तीच लागणार आहे.